कोरलेलं आणि रचलेलं

बोरिवलीच्या मंडपेश्वरात एकाच टेकडीत दगडकामाच्या दोन उलट रीती पाहायला मिळतात. खाली प्राचीन शैव लेणं आणि त्याच्या माथ्यावर फ्रान्सिस्कन संन्याशांच्या मठाच्या बिनछपराच्या भिंती.

मी दिल्लीत, करोल बागेत राहतो. जवळच रिजच्या टेकडीवर तुघलक काळातला भुली भटियारीचा महाल आहे. ओबडधोबड दगड चुन्यात बसवून चढवलेल्या त्याच्या भिंतींनी मला पडकं बांधकाम बघायला शिकवलं. आधी सांधा शोधायचा. गिलावा कुठे सुटलाय, चुना कुठे भुसभुशीत झालाय, पाणी कुठून उतरतंय.

मंडपेश्वरच्या लेण्यात सांधाच नाही. खांब कुणी उभे केले नाहीत. भोवतीचा खडक काढून टाकला, ते उरले. छिन्नी चुकली तर निघालेला तुकडा परत बसत नाही. बाजूच्या दालनातला नटराज आज झिजलाय, अवयव तुटलेत, तरी अंगाचा झोक तसाच आहे. इथून पाय निघत नाही.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर अंतोनिओ दो पोर्तो हे फ्रान्सिस्कन संन्यासी इथे आले. लेण्याचंच चर्च झालं. वर मठ आणि नवख्रिस्ती मुलांसाठी कॉलेज उभं राहिलं. खाली एका भिंतीवर क्रूस आहे, तोही खडकातच कोरलेला. म्हणून तो टिकला.

मठ मात्र रचलेला. १७३७ ते १७३९च्या वसई मोहिमेत साष्टी, म्हणजे हे बेट, पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आलं, संन्यासी गेले. मठ कुणी मोडला यावर लोक तावातावाने बोलतात. मला वाटतं, त्यांनी पावसाचाही विचार करावा. छप्पर गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो, पाणी थेट गाभ्यात शिरतं, चुना धुऊन नेतं; मग फटीत पिंपळ रुजतो आणि मुळं उरलेलं काम करतात.

गाभाऱ्यात आज पिंडीची पूजा होते, शेजारच्या नव्या चर्चमध्ये मिस्सा. वरच्या भिंतींसाठी मात्र फारसं कुणी चढत नाही. त्यांना नवं छप्पर नकोच. माथ्यावर उताराचा चुन्याचा थर द्यावा, पाणी बाहेर पडेल असा. आणि चुनाच हवा. सिमेंट ओल आत कोंडतं आणि शेजारचा मऊ चुना आणखी लवकर खातं.