एक शिशी, पाच मनगटे

दोन वर्षांपूर्वीच्या रमजान ईदची गोष्ट. भाईने मुंबईच्या मुहम्मद अली रोडवरून बकुळीच्या अत्तराची तीन मिलीची शिशी आणली होती. उर्दूत बकुळीला मौलसरी म्हणतात. मोगऱ्यासारखा हा वास अंगावर धावून येत नाही. तो मऊ असतो आणि त्याच्या मागून हळूच मधाची गोडी येते. सकाळी शिशी घरभर फिरली आणि लहानमोठ्या सर्वांनी अत्तर लावले.

नमाजेनंतर गळाभेटी सुरू झाल्या. भाभी तेव्हा नुकतीच बाळंत झालेली होती, बाळ तीन महिन्यांचे होते. फूफींनी तिला जवळ घेतले आणि नाक मुरडून म्हणाल्या, "काय गं, तुझ्यावर आंबूस येतोय. तुझ्या अंगाला अत्तर मानवत नाही!" सगळे हसले. आम्हीही हसलो. भाभी आत गेली आणि साबणाने मनगट धुऊन आली. त्या दिवसापासून तिने अत्तराला हात लावला नाही.

वर्गात आम्ही मुलांना रोज सांगतो की तपासून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. घरात मात्र एका वाक्यावर आम्ही सर्वांनी निकाल देऊन टाकला होता. ही गोष्ट मनाला लागून राहिली. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत तीच शिशी काढली आणि घरच्या घरी एक छोटा प्रयोग केला.

काडीभर अत्तर

अब्बा, अम्मी, भाई, आमची नववीतली लेक आणि भाभी असे पाच जण बसले. भाभी तयार नव्हती, लेकीने हट्ट करून तिला बसवले. सर्वांनी नुसत्या पाण्याने मनगट धुऊन कोरडे केले. काडीच्या टोकावर मावेल तेवढेच अत्तर प्रत्येकाला लावले. मग दहा मिनिटांनी, तासाने आणि चार तासांनी वास घेऊन वहीत नोंद केली.

अब्बांच्या मनगटावर तासाभरात जवळजवळ काही उरले नाही. "अत्तरवाल्याने फसवले," असे त्यांचे मत पडले. भाईच्या मनगटावर तेच अत्तर चार तासांनीही दणकून येत होते. त्यात फूल कमी आणि मध जास्त होता. लेकीच्या हातावर ताज्या फुलांचा हलका वास होता, मध शोधावा लागत होता. अम्मी स्वतःचे मनगट पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होत्या. "मला लावलेच नाही का?" असे त्यांनी दोनदा विचारले.

मग आम्ही फूफींना बोलावले. लेकीने त्यांच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि एकेक मनगट त्यांच्या नाकापुढे धरले. फूफींनी तीन मनगटांना "आंबूस" म्हटले. त्यांपैकी एक भाईचे होते आणि एक खुद्द त्यांच्या भावाचे, म्हणजे अब्बांचे! तिसरे लेकीचे निघाले. भाभीच्या मनगटाला त्या म्हणाल्या, "हे बरे आहे." ओढणी सोडल्यावर फूफी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

असे का होते?

अत्तर अंगावर टिकते ते मुख्यतः त्वचेतल्या तेलकटपणामुळे. कोरड्या त्वचेवर सुगंधाला धरून ठेवणारे काही नसते, म्हणून तो लवकर उडतो. वय वाढते तशी त्वचा कोरडी होते. अब्बांच्या तक्रारीचे कारण हे होते, अत्तरवाल्याचा दोष नव्हता. भाईची त्वचा तेलकट आहे आणि अंगात ऊब जास्त. ऊब वास उधळते आणि तेल तो धरून ठेवते.

मधाच्या वासाची तर गंमतच आहे. ज्या द्रव्यांमुळे मधाची छटा येते त्यांपैकी एक म्हणजे फिनाइल अ‍ॅसिटिक आम्ल. ते खऱ्या मधातही असते. अगदी थोडे असेल तर मध वाटते, जास्त झाले की त्याचाच वास शिळ्या घामासारखा किंवा लघवीसारखा वाटू लागतो. मोगरा-चमेलीतल्या इंडोल या द्रव्याचेही तसेच आहे. थोडे असले तर फूल, जास्त झाले तर घाण. त्यामुळे मधाळ अत्तर जास्त लावले की बिघडते. त्यात घाम, डोक्याचे तेल, क्रीम, साबण यांचे वास मिसळतात. मेथी आणि लसूण खाल्ल्यावर घामाचा वास बदलतो, हे तर प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. बाळंतपणानंतर काही काळ बाईला घामही जास्त येतो.

पण निम्मा फरक लावणाऱ्यात असतो तसा निम्मा वास घेणाऱ्याच्या नाकातही असतो. व्हायोलेटच्या फुलात बीटा-आयोनोन नावाचे द्रव्य असते. काहींना त्याचा वास फुलासारखा येतो, तर काहींना आंबट आणि उग्र वाटतो. हा फरक मुख्यतः एका जनुकामुळे पडतो, असे शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. म्हणजे दोघे एकच मनगट हुंगतात, दोघेही खरे बोलतात आणि दोघांचे उत्तर वेगळे असते.

आणखी एक. कोणताही वास थोडा वेळ सतत घेतला की आपले नाक त्याची दखल घेणे सोडते. आपल्याला वाटते अत्तर उडाले, म्हणून आपण पुन्हा लावतो. शेजारी बसलेल्याला मात्र दोन्ही वेळचे येत असते.

अम्मींचे नाक

या प्रयोगात एक गोष्ट अनपेक्षित हाती लागली. अम्मी अलीकडे फार अत्तर लावतात, म्हणून आम्ही त्यांना टोकत असू. खरे तर त्यांना वास येणेच कमी झाले होते. वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते. कोरोनानंतरही अनेकांची गेली आणि काहींची पूर्ण परतली नाही. घ्राणशक्ती कमी होणे हे कधी कधी कंपवातासारख्या आजाराचे सुरुवातीचे लक्षणही असते, म्हणून डॉक्टरांना दाखवणे बरे. अम्मींना आम्ही दाखवले. तेव्हापासून गॅसचे बटण रात्री दुसरे कुणीतरी तपासते, कारण गळती झाली तर त्यांना कळणार नाही.

अत्तर निवडताना

कन्नौजला बकुळीची फुले पाण्यासह तांब्याच्या देगेत तापवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात सुगंध मुरतो. स्वस्त अत्तरात चंदनाऐवजी द्रव पॅराफिनसारखे तेल असते, मग वासही बदलतो आणि टिकण्याची रीतही. म्हणून दुकानात दुसऱ्याच्या हातावर हुंगून अत्तर घेऊ नये. आपल्या मनगटाला एक थेंब लावावा, बाजारात फेरी मारावी आणि तासाभराने ठरवावे. एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त वास घेऊ नयेत. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचे तेल किंवा व्हॅसलीन चोळावे. अंगाला खाज सुटत असेल तर त्वचेवर लावू नये, कापसाचा फाया वापरावा. दम्याचा रुग्ण शेजारी असू शकतो, म्हणून जुम्म्याच्या गर्दीत एक थेंब पुरे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना सुगंध प्रिय होता. जुम्म्याला गुसल करून सुगंध लावावा आणि कुणी सुगंध देऊ केला तर नाकारू नये, ही त्यांची शिकवण आहे. देण्याघेण्याच्या या गोष्टीने आमच्या घरात एका लेकुरवाळीला मान खाली घालायला लावली, याचे आम्हाला वाईट वाटते. जन्मलेले बाळ थोड्याच दिवसांत आईला तिच्या अंगाच्या वासावरून ओळखू लागते. ज्या वासाला आम्ही हसलो, त्याच वासावर ते तीन महिन्यांचे बाळ शांत झोपत होते.

भाभीची माफी आम्ही मागितली, पण सात महिने उशिरा. वर्गात आता कुणी "सर्, याच्या अंगाला वास येतो," असे म्हटले की आम्ही हसणाऱ्यांकडे आधी पाहतो.

गेल्या ईदला शिशीत तळाशी थोडेसे उरले होते. अम्मींनी काडी बुडवली. भाभी शेजारी बसून वास घेत म्हणाली, "बस अम्मी, एवढंच." मग तिने स्वतःच्या ओढणीच्या टोकाला जरासे लावले. फूफींनी आपले मनगट तिच्यापुढे केले आणि विचारले, "बघ गं, माझ्यावर कसा येतोय?"