इंतेकालच्या बातमीवर हसरा चेहरा? इमोजी देण्याआधी एवढं पाहा

गेल्या वर्षी फज्रच्या नमाजनंतर आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लहान चाचांच्या इंतेकालची बातमी आली. त्या मेसेजखाली एक हसरा चेहरा दिसला. देणाऱ्या होत्या सत्तरीतल्या मोठ्या चाची. दोन्ही घरांत जमिनीवरून आधीच कुरबुर होती. चाचांच्या मुलाला ते फार लागलं. चाचींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “अरे, त्याच्या डोळ्यांत पाणी आहे ना!”

खरंच आहे. हसून हसून पाणी आलेला तो चेहरा लहान स्क्रीनवर रडकाच वाटतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजला इमोजी देण्याची सोय मे 2022 मध्ये आली. तेव्हा सहाच होते: अंगठा, हृदय, हसरा, चकित आणि रडका चेहरा, जोडलेले हात. जुलै 2022 पासून कोणताही इमोजी देता येतो.

मेसेजवर बोट दाबून धरलं की इमोजींची पट्टी उघडते. शेवटच्या अधिक चिन्हावर दाबलं की बाकीचे दिसतात. दुआसाठी पसरलेले हातही तिथेच सापडतात. एका मेसेजवर एका माणसाचा एकच इमोजी राहतो. दुसरा निवडला की पहिला जातो. चुकला तर मेसेजखालच्या इमोजीवर दाबा, आपली नोंद दिसेल, त्यावर दाबलं की तो निघतो. पण लक्षात ठेवा, काढण्याआधी समोरच्याने तो पाहिलेला असू शकतो. ग्रुपमध्ये कुणी काय दिलं, हे सगळ्यांना नावासह दिसतं.

म्हणून आम्ही घरात तीन गोष्टी ठरवल्या. इंतेकाल किंवा आजारपणाच्या बातमीवर इमोजी द्यायचा नाही. दोन शब्द लिहायचे, नाहीतर सरळ फोन करायचा. जनाजाच्या वेळेच्या मेसेजवर नुसता अंगठा नको. “वाचलं” की “येतोय”, हे त्यातून कळत नाही. आणि घरातल्या मुलांनी नानी-दादींना शेजारी बसून हे चेहरे ओळखायला शिकवायचं. शाळेत आम्ही मुलांना हाच गृहपाठ देतो.

चाचींनी त्याच दिवशी इमोजी काढला, पण मुलाच्या मनातून तो निघाला नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः त्याच्या घरी गेल्या, जवळ बसून रडल्या. तेव्हा कुठे गैरसमज मिटला.