फिकं दिसतं म्हणून एचडीआर बंद करू नका

‘एचडीआर चालू केलं की चित्र फिकं पडतं, बंदच ठेवायचं.’ येवल्यात गेमिंगचा पीसी हॉलमधल्या टीव्हीला जोडणाऱ्या पोरांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता चिडचिड होते. घरच्यांना पटवून महागडं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं, मोठा टीव्ही घ्यायचा आणि ज्यासाठी हे सगळं केलं तेच बटण पहिल्या दिवशी बंद करायचं! चित्र फिकं पडतं, हे मान्य. पण ते का पडतं, हे बघायला कोणी दहा मिनिटं देत नाही.

एचडीआर, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, नेमकं काय करतं, ते आपल्याच गावात बघता येतं. पैठणीच्या दुकानात पदराचा मोबाइलने फोटो काढा. रेशमाचा रंग बरोबर आला तर दिव्याखालची जर पांढरीफटक होते. जरीला सांभाळायला गेलात तर रेशीम काळवंडतं. नेहमीच्या चित्राची, म्हणजे एसडीआरची, हीच अडचण आहे. ते साधारण 100 निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) पांढरा धरून बनवलेलं असतं आणि त्याच्या वरचा उजेड मांडायला त्यात जागाच नसते. एचडीआरची पीक्यू पद्धत एसएमपीटीई या संस्थेने 2014 मध्ये प्रमाण म्हणून ठरवली. तिच्यात 10,000 निट्सपर्यंतचा उजेड नोंदवता येतो. म्हणून रेशीम आहे तिथेच राहतं आणि जर तेवढी चमकते.

गैरसमजाचं मूळ, आणि चित्र फिकं वाटण्याचं पहिलं कारण, इथेच आहे. एचडीआर म्हणजे सगळं चित्र भडक होणं, असं लोक धरून चालतात. खरं तर चित्राचा बहुतेक भाग पूर्वीइतक्याच उजेडात राहायला हवा. सूर्य, दिवा, तलवारीची धार एवढंच उसळून यायला हवं. आयटीयू या संस्थेच्या बीटी 2408 या अहवालात एचडीआरमधल्या साध्या पांढऱ्यासाठी 203 निट्स हा संदर्भ दिला आहे. आपले टीव्ही मात्र बहुतेक घरांत ‘व्हिव्हिड’ मोडवर चालतात : बॅकलाइट पूर्ण, रंग वाढवलेले, पांढरा निळसर. महिनोन्‌महिने त्याची सवय झालेल्या डोळ्याला बरोबर चित्र फिकंच वाटणार. त्यात पीक्यूमध्ये कुठला भाग किती निट्सचा, हे आधीच ठरलेलं असतं. म्हणून भर दुपारी खिडकी उघडी ठेवून बसलात तर अंधारे प्रसंग दिसणारच नाहीत. पडदा ओढा.

दुसरं कारण विंडोजचं. एचडीआर चालू केलं की डेस्कटॉप, ब्राउझर, जुने गेम हे सगळं एसडीआर साहित्य विंडोज एचडीआरच्या चौकटीत बसवतं. त्यासाठी ते वापरत असलेला वक्र बहुतेक टीव्हींच्या नेहमीच्या गॅमापेक्षा सावल्या थोड्या उजळ ठेवतो, म्हणून काळा राखाडी वाटतो. पण डेस्कटॉप बघून एचडीआरचा निकाल लावणं चूकच. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, एचडीआर इथे जाऊन ‘एसडीआर कंटेंट ब्राइटनेस’ची पट्टी सरकवा आणि निकाल एचडीआर गेममध्येच लावा.

तिसरं कारण टीव्हीच्या मेनूत दडलेलं असतं. अनेक टीव्हींवर एचडीएमआय पोर्टचा पूर्ण सिग्नल घेण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. सॅमसंगमध्ये त्याला ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात, एलजीत ‘डीप कलर’, सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’. पीसी फुल रेंज पाठवतोय की लिमिटेड, तेही जुळवून घ्या. पीसीकडून लिमिटेड येत असेल आणि टीव्ही फुल समजत असेल, तर काळा हमखास धुरकट दिसतो. दोष मात्र एचडीआरच्या माथी जातो.

एवढं झालं की टीव्ही गेम मोडवर घ्या. टोन मॅपिंगमध्ये ‘एचजीआयजी’ असेल तर तेच निवडा, म्हणजे टीव्ही स्वतःच्या मनाने उजेड वरखाली करत नाही. मग मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन’ घ्या. ते विंडोज 11 वरच चालतं. पडद्यावर एक नक्षी दिसते आणि ती नेमकी दिसेनाशी होईपर्यंत पट्टी सरकवायची असते. काळ्यासाठी एकदा, छोट्या भागातल्या कमाल उजेडासाठी एकदा, पूर्ण पडद्याच्या कमाल उजेडासाठी एकदा. टीव्हीचं डायनॅमिक टोन मॅपिंग चालू राहिलं, तर नक्षी टीव्हीच्या खऱ्या कुवतीच्या कितीतरी पुढेही दिसत राहते आणि सगळा हिशेब चुकतो. छोट्या भागातल्या कमाल उजेडाचा जो आकडा येईल तो लक्षात ठेवा. गेमच्या मेनूतही ‘मॅक्स ब्राइटनेस’ला तोच द्यायचा आणि ‘पेपर व्हाइट’, म्हणजे साधा पांढरा, 200 च्या आसपास ठेवायचा.

आता खोक्यावरच्या एचडीआर शिक्क्याबद्दल, कारण इथे ग्राहकाची सरळ फसगत होते. तो शिक्का बहुतेक वेळा एवढंच सांगतो की टीव्हीला एचडीआर सिग्नल समजतो. तो दाखवता येतो की नाही, ही वेगळी गोष्ट. यूएचडी अलायन्सने 2016 मध्ये अल्ट्रा एचडी प्रीमियमसाठी ठेवलेली अट पाहा : 1000 निट्स कमाल उजेड आणि 0.05 निट्सचा काळा, किंवा 540 निट्स आणि 0.0005 निट्सचा काळा. दुसरी अट ओएलईडीला सोयीची. स्वस्त टीव्ही जेमतेम 250-300 निट्सचे असतात आणि त्यांत लोकल डिमिंग नसतं, म्हणजे पडद्याचा एक कोपरा उजळ आणि बाजूचा काळा ठेवताच येत नाही. अशा टीव्हीवर नीट लावलेलं एसडीआरच चांगलं दिसतं. दुकानदाराला ‘एचडीआर आहे का’ असं विचारू नका. निट्स किती आणि लोकल डिमिंग आहे का, हे विचारा.

बाकीचे समज थोडक्यात. सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलने रंग सुधारत नाहीत. सिग्नल डिजिटल आहे आणि केबलची क्षमता तेवढी बघायची. फोर-केशिवाय एचडीआर नाही, हे खोटं. रेझोल्यूशनचा त्याच्याशी संबंध नाही. विंडोजमध्ये ‘8-बिट विथ डिदरिंग’ दिसलं म्हणून घाबरू नका, एचडीएमआय 2.0 च्या 18 गिगाबिटमध्ये फोर-के, 60 हर्ट्झ, 10-बिट आरजीबी मावत नाही आणि डिदरिंगने काम चांगलं निभावतं. विंडोजमधलं ऑटो एचडीआर एसडीआर गेमचा उजेड ताणून दाखवतं. उपयोगी आहे, पण ते मूळ एचडीआर नव्हे. एचडीआर आणि एसडीआरची तुलना करणारे व्हिडिओ साध्या पडद्यावर बघून मत बनवू नका, तो पडदा फरक दाखवूच शकत नाही.

आणि कधी कधी दोष खरोखर गेमचा असतो. ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ 2018 मध्ये कन्सोलवर आला तेव्हा त्याच्या एचडीआरवर जोरदार टीका झाली. पुढच्या वर्षीच्या अपडेटमध्ये एचडीआरसाठी वेगळा ‘गेम’ पर्याय द्यावा लागला. असा गेम भेटला तर त्याच्यापुरतं एचडीआर बंद करा. विंडोज, ऑल्ट आणि बी ही तीन बटणं एकदम दाबली की ते बंद होतं, पुन्हा दाबली की चालू.