नाव सशाचे, पदार्थ चीजचा! काय आहे ‘बक रेअरबिट’?

ब्रिटनच्या ‘वेल्श रॅबिट’मध्ये ससा नसतो, असतो टोस्टवर ओतलेला चीजचा गरम सॉस. हे नाव १८व्या शतकातले, ‘रेअरबिट’ हे रूप नंतरचे. त्यावर पोच्ड अंडे ठेवले की झाले ‘बक रेअरबिट’.

कसे करतात?
लोण्यात मैदा परतून बिअर, मस्टर्ड आणि वूस्टर सॉस घालतात. मग मंद आचेवर किसलेले चेडर चीज. पदार्थ बिघडतो तो इथेच. सॉस उकळला, तर चीजमधील प्रथिने आकसून गुठळ्या होतात आणि तेल सुटते. म्हणून चीज वितळताच गॅस बंद! सॉस टोस्टवर पसरून ग्रिलखाली तांबूस करतात.

अंडे कसे हवे?
ताजेच. शिळ्या अंड्याचा पांढरा भाग पाण्यात पसरतो. खळखळ न उकळणाऱ्या गरम पाण्यात ३-४ मिनिटे पुरतात.