भोसरी ते चाकण, व्हाया व्हिएन्ना

भोसरीच्या शेडमधलं मोठं मशीन चाकणला न्यायचं म्हणजे लग्नाच्या वरातीएवढी तयारी. हायड्रा क्रेन हवी, ट्रेलर हवा, मोशीची गर्दी चुकवायला रात्रीची वेळ हवी. माझ्या एका मित्रानं त्याचं जपानी फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीन असंच हलवलं. इंद्रायणी ओलांडली, पहाटे नव्या शेडमध्ये उतरवलं, लेव्हल काढली, केबल जोडली, नारळ फोडला आणि बटण दाबलं. पडद्यावर फक्त एक सूचना आली: मशीनची जागा बदलली आहे, कंपनीशी संपर्क साधा. स्पिंडल ढिम्म.

मशीन बिघडलं नव्हतं. त्याच्या पोटात हालचाल ओळखणारा एक सेन्सर असतो. मशीन बंद असतानाही जागा सुटली की त्याला कळतं आणि तो सगळं लॉक करून टाकतो. मग कंपनीचा इंजिनीअर आला. त्यानं नवा पत्ता पाहिला, मालक तोच आहे ना, जॉब कसले चालतात ते विचारलं, फोटो काढले, वर पाठवले आणि तिकडून कोड आल्यावर कुलूप उघडलं. चार दिवस गेले. ‘हप्ते मी भरतोय आणि मशीन मलाच ओळख विचारतंय,’ मित्र म्हणाला. त्याचा राग रास्त होता. पण मला मात्र राहून राहून नवल वाटत होतं, कारण हे कुलूप शस्त्रनियंत्रणाचाच भाग होतं. शस्त्रनियंत्रण म्हणजे जिनिव्हातली लांबलचक टेबलं, सूटबूट आणि कंटाळवाणी भाषणं अशी माझी समजूत होती. ते इथे, कुरुळीच्या पुढे, पत्र्याच्या छपराखाली निघालं.

एवढं काय आहे त्या मशीनमध्ये? बटाटा सोलताना बघा. एका हातात सुरी फिरते, दुसऱ्या हातात बटाटा वळतो, म्हणून साल अखंड निघते. बटाटा पाटावर ठेवून सोलायला गेलात तर प्रत्येक वळणाला थांबावं लागेल. साधं मिलिंग मशीन तीन दिशांनी चालतं: पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली. त्यात दोन गोल फिरणारे अक्ष जोडले आणि पाचही अक्ष एकाच वेळी, एका लयीत चालले की पीळ असलेलं पातं धातूच्या ठोकळ्यातून सोलून काढता येतं. ट्रकच्या टर्बोचार्जरचं चक्र असंच निघतं. क्रूझ क्षेपणास्त्राच्या छोट्या जेट इंजिनातलं चक्रही त्याच घराण्यातलं. टूलला दोन्ही सारखेच.

जगाला ही गोष्ट खरी टोचली ती १९८७ मध्ये. तोशिबा मशीन या जपानी कंपनीनं त्याच दशकाच्या सुरुवातीला नऊ अक्षांची यंत्रं सोव्हिएत संघातल्या लेनिनग्राडच्या गोदीला विकली होती. कागदोपत्री ती साधी यंत्रं दाखवली होती. त्यांचे कंट्रोलर नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीचे होते. पाणबुडीचे पंखे त्यांवर जास्त सफाईनं कापता येतात आणि मग पाणबुडीचा आवाज कमी होतो, हा अमेरिकेचा आक्षेप. तिथल्या काही लोकप्रतिनिधींनी संसदेसमोरच्या हिरवळीवर तोशिबाचा रेडिओ हातोड्यांनी फोडला. बिचाऱ्या रेडिओचा काय दोष!

शीतयुद्ध संपलं, त्या काळची निर्बंधांची यंत्रणा १९९४ मध्ये गुंडाळली गेली आणि तिच्या जागी १९९६ पासून ‘वासेनार व्यवस्था’ आली. नाव नेदरलँड्समधल्या एका गावाचं, कचेरी व्हिएन्नात. तिच्या यादीत शस्त्रं तर आहेतच, पण शस्त्रं करू शकणारी यंत्रंही आहेत. मला थक्क करतो तो तिथला एक आकडा. पाच अक्ष एकत्र चालवणारं आणि एक मीटरपेक्षा कमी पल्ल्यात त्याच बिंदूवर पुन्हा पुन्हा १.१ मायक्रॉनच्या आत परत येणारं मिलिंग मशीन नियंत्रित. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे केसाच्या साठाव्या-सत्तराव्या हिश्श्यापाशी मुत्सद्द्यांनी रेघ ओढली आहे. ती रेघ किती नाजूक, हे आपल्याकडच्या ऑपरेटरला विचारा. सकाळी मशीन अर्धा तास रिकामं फिरवल्याशिवाय तो जॉब लावत नाही, कारण स्पिंडल तापला की लांबतो, आणि लांबतो तो मायक्रॉनमध्येच.

आता यात भारत कुठे? अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर आपण १९६८ पासून सही केलेली नाही. १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी अणुस्फोट केला त्या पाच देशांकडे बॉम्ब राहणार, बाकीच्यांनी शपथ घ्यायची, ही वाटणी आपल्याला मान्य नव्हती. निःशस्त्रीकरण करायचं तर सगळ्यांनी, मुदत ठरवून, सगळ्यांना सारखी तपासणी लावून, ही भारताची टेक. याच आधारावर १९९६ मध्ये जिनिव्हात भारताच्या राजदूत अरुंधती घोष यांनी अणुचाचणीबंदी कराराला ठाम नकार दिला. किंमतही मोजली. १९७४ च्या पोखरणच्या अणुचाचणीनंतर अणुपुरवठादारांचा गट उभा राहिला तो आपल्याला समोर ठेवूनच, आणि १९९८ च्या चाचण्यांनंतर अमेरिकेनं आपल्या कितीतरी संस्थांना यंत्रं-सुटे भाग मिळणं अवघड केलं.

आणि मग गंमत पाहा. २०१६ मध्ये भारत क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटात गेला, डिसेंबर २०१७ मध्ये वासेनारमध्ये, जानेवारी २०१८ मध्ये रसायनं आणि जीवाणूंवर लक्ष ठेवणाऱ्या ऑस्ट्रेलिया गटात. ज्याच्यासाठी कुलूप घडवलं, त्याच्याच कमरेला आता किल्ल्यांचा जुडगा. अणुपुरवठादारांचं दार तेवढं अजून बंद आहे. निवडक देशांच्या मंडळांवर इतकी वर्षं टीका केलेल्या देशानं अशा तीन मंडळांत बसणं मला थोडं अवघडलेलं वाटतं. पण यादी कशी लिहायची हे आत बसूनच ठरवता येतं, हेही खरं.

‘सगळ्यांना सारखा नियम’ ही टेक निव्वळ नकारासाठी नव्हती, याचा पुरावा त्याच मशीनच्या टाकीत आहे. टूलवर धो धो पडणारं ते दुधाळ कूलंट. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत ट्रायइथेनॉलअमाइन असतं, लोखंड गंजू नये म्हणून. हेच रसायन नायट्रोजन मस्टर्ड या विषारी अस्त्राचा कच्चा माल आहे आणि रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या तिसऱ्या यादीत त्याचं नाव आहे. वर्षाला तीस टनांहून जास्त बनवणाऱ्या कारखान्यानं ते जाहीर करायचं, दोनशे टनांच्या वर गेलं तर कराराचे हेगमधले निरीक्षक दाराशी येऊ शकतात. कूलंटचं पिंप मात्र निर्धास्त, कारण मिश्रणात तीस टक्क्यांपर्यंत माफी आहे. या करारात कुणालाच साठा ठेवायची सवलत नाही. म्हणून भारतानं जानेवारी १९९३ मध्ये, करार सह्यांसाठी खुला झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सही केली, पुढे आपला साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत निरीक्षकांसमोर पूर्ण नष्ट केला.

मित्राला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, ‘आपण काय, ड्रॉइंग आलं की जॉब कापतो.’ मग त्याला मलेशियाची गोष्ट सांगितली. क्वालालंपूरजवळ शाह आलमला अशीच एक प्रिसिजन कंपनी होती. तिला अ‍ॅल्युमिनियमच्या सुट्या भागांची मोठी ऑर्डर मिळाली. माल दुबईला, तेल-वायू उद्योगासाठी, अशी आपली समजूत होती, असं कंपनीनं नंतर सांगितलं. ऑक्टोबर २००३ मध्ये ‘बीबीसी चायना’ नावाचं जहाज इटलीच्या तारांतो बंदरात वळवून तपासलं, तेव्हा ते भाग सापडले. ते युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे होते आणि लिबियाला चालले होते. पाकिस्तानच्या अब्दुल कादिर खान यांच्या जाळ्यातला हा एक धागा.

यावर तो काही बोलला नाही. परवा त्याच्या ऑफिसात गेलो तर निर्यातीचं काम बघणारी मुलगी ‘स्कोमेट’ची यादी उघडून बसली होती. आपल्या देशाची नियंत्रित वस्तूंची यादी ती हीच, आणि तिच्या आठव्या भागात वासेनारच्या वस्तू आल्या आहेत. अशा मालाचा परवाना दिल्लीतून, विदेश व्यापार महासंचालनालयाकडून घ्यावा लागतो. बाहेरून एका नव्या गिऱ्हाईकाची चौकशी आली होती: पातळ भिंतीच्या नळ्या, टॉलरन्स फार कडक, भाव मागू तो. तिनं आधी भाव कळवला नाही. उलट टपाली विचारलं, या नळ्या बसणार कशात?

आठवडा झाला, उत्तर आलेलं नाही.