वीट लावण्याआधीचे घर

डॉक्टरने घरबांधणीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण मे महिन्यात थकवा आणि चक्कर घेऊन येणाऱ्या वृद्धांना मी औषधाआधी विचारतो, दुपारी कोणत्या खोलीत झोपता? उत्तर बहुधा एकच: वरची, पश्चिमेकडची. राजपुऱ्यातली जाड भिंतींची जुनी घरे उतरवून तेथे सिमेंटची उंच घरे उभी राहत आहेत. आयुष्याची पुंजी त्यात जाते, आणि खिडकी कुठे ठेवायची हे मात्र ठेकेदाराने उभ्याउभ्या विचारल्यावर ठरते.

हे आधी ठरवता येते. कागदावरचा नकाशा म्हणजे नुसत्या रेषा. संगणकावर आता घराची संपूर्ण प्रतिकृती करतात. इंजिनियर तिला ‘बिम’ म्हणतात (मिस्त्रीला ती तुळई वाटेल, वाटू द्या). तिच्यात भिंत ही भिंत म्हणूनच नोंदलेली असते: जाडी किती, वीट कोणती, भाव काय. खिडकी दोन फूट सरकवली की विटा-सिमेंटचा हिशेबही बदलतो. नळाचा पाइप तुळईला आडवा येत असेल तर तेही आधीच दिसते. एरवी ते स्लॅब टाकल्यावर, छिन्नी-हातोडा हातात घेऊन कळते.

याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे, नागपूरची मेट्रो. काम 2015 साली सुरू झाले, 7 मार्च 2019 रोजी खापरी ते सीताबर्डी गाडीचे उद्घाटन झाले आणि 11 डिसेंबर 2022 रोजी पहिल्या टप्प्यातले उरलेले मार्ग खुले झाले. सुमारे 38 किलोमीटर, मंजूर खर्च 8,680 कोटी रुपये. महामेट्रोने तेथे पाच मितींची प्रतिकृती वापरली. लांबी, रुंदी, उंची या तीन आपल्या ओळखीच्या. चौथी वेळ आणि पाचवी पैसा. अशा पद्धतीत एका खांबाचा पाया अडला, तर त्यावरचा गर्डर कधी चढेल, क्रेनचे भाडे किती वाढेल, पुढचे बिल कधी येईल, हे सारे पडद्यावर सरकताना दिसते. घराचेही तसेच. प्लंबर अडला की फरशीवाला अडतो, आणि कर्जाचा हप्ता कोणासाठी थांबत नाही.

उन्हाचा हिशेब आपल्याला अधिक जवळचा. बऱ्हाणपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून जूनच्या भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा हिवाळ्याअखेर आणि पावसाळ्यानंतर उपयोगी पडतो. पश्चिमेला तो फारसा कामाचा नाही, कारण चार वाजताचे ऊन तिरपे येते आणि छज्ज्याखालून आत शिरते. तिथे जाळी हवी, झाड हवे किंवा खिडकीच लहान हवी. यातले काय केले तर आतली उष्णता किती घटेल आणि खर्च किती वाढेल, हे प्रतिकृतीत ताडून पाहता येते. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने 2018 साली घरांसाठी इको निवास संहिता काढली. तिच्यात उष्ण भागांसाठी भिंती-खिडक्यांतून शिरणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला 15 वॅट अशी दिली आहे. इंजिनियरला हा आकडा जरूर विचारावा.

मात्र रोग्याने अर्धी हकीकत लपवली तर औषध चुकते, तसेच इथे. घरात माणसे किती, दुपारी कोण कोठे बसते, आजी कोणत्या खोलीत झोपते, हे सांगितले नाही तर संगणक सुंदर पण परके घर दाखवील.

दोन खोल्यांच्या घरासाठी एवढा खटाटोप नको. चांगला मिस्त्री पुरेसा आहे. ज्या गावाने 1615 साली जमिनीखालचा उतार साधून कुंडी भंडारा खणला, त्याला आधी मोजून मग खणणे नवे नाही. पण दोन-तीन मजले चढवायचे असतील तर करार करण्याआधी इंजिनियरकडून मालाची पूर्ण यादी काढून घ्यावी, भावाचा रकाना कोरा ठेवून. तीच यादी तीन ठेकेदारांना द्यावी. मग तिघेही एकाच घराचा भाव सांगतील.