घाण पाण्यातून वीज, खाऱ्याचं गोडं पाणी: टोकन देण्याआधी हे वाचा



मागच्या आठवड्यात आपल्या बॅचमधला एक मुलगा भंडाऱ्याच्या दुकानात आला. मोबाईलवर व्हिडिओ दाखवून म्हणाला, "सर, जिवाणूंवर चालणारी मशीन आहे. खारं पाणी गोडं करते, वरून वीजही देते. डीलरशिप घेऊ का?" पैसे बाबांचे, धान विकून आलेले. म्हणून हा लेख.

विज्ञान खरं आहे

२००९ मध्ये चीनचं त्सिंगुआ विद्यापीठ आणि अमेरिकेचं पेन स्टेट विद्यापीठ इथल्या संशोधकांनी हे प्रयोगशाळेत करून दाखवलं. डबीला तीन कप्पे. पहिल्यात सांडपाण्यासारखं सेंद्रिय पदार्थ असलेलं पाणी आणि जिवाणू. जिवाणू ते पदार्थ खातात आणि इलेक्ट्रॉन सोडतात. ते तारेतून तिसऱ्या कप्प्याकडे जातात, हीच वीज. मधल्या कप्प्यात खारं पाणी, त्याच्या दोन्ही बाजूंना खास पडदे. विद्युतभाराचा तोल राखायला मिठातला क्लोराईड एका बाजूला जातो, सोडियम दुसऱ्या बाजूला. त्या प्रयोगात सुमारे ९० टक्के मीठ निघालं.

मग अडचण कुठे?

एका डबीतून साधारण अर्धा-पाऊण व्होल्ट मिळतो. पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा असतो! पाणी गोडं होत गेलं की त्यातून वीज कमी वाहते, म्हणून कामही मंदावतं. पडदे महाग, त्यावर थरही बसतो.

आता धंद्याच्या नजरेने बघा. जिवाणूंचं जेवण आपल्याकडे आहे: उकडा तांदूळ करणाऱ्या राईस मिलमध्ये धान भिजवलेलं पाणी. पण खाऱ्या पाण्याचं गिऱ्हाईक? ते पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात. आपला जिल्हा तर तलावांचा! कच्चा माल इकडे, गिऱ्हाईक तिकडे. वाहतुकीचा खर्च कोण देणार?

हे चार प्रश्न विचाराच

१. चालू प्लांट कुठे आहे? मी स्वतः येऊन बघतो.
२. दिवसाला किती लिटर पाणी? आत जाताना टीडीएस किती, बाहेर येताना किती? लेखी द्या. (पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर २०००.)
३. पडदे कधी बदलायचे, कितीला पडतात?
४. पाणी पिण्यालायक असल्याचा लॅब रिपोर्ट कुठे आहे?

मी शहाणा म्हणून सांगत नाही. काही वर्षांआधी मीही व्हिडिओ पाहून एक पॅकिंग मशीन बुक केली होती. डेमो मागितलाच नाही. ती आजही गोडाऊनमध्ये धूळ खात पडली आहे, हप्ते मात्र मी पूर्ण भरले.

त्या मुलाने माझ्यासमोरच फोन लावून पहिला प्रश्न विचारला. उत्तर आलं, "प्लांट लवकरच सुरू होणार आहे." त्याने टोकन दिलं नाही.

या विज्ञानावर लक्ष जरूर ठेवा, उद्या त्यातून धंदा उभा राहूही शकतो. पण बाबांचे धानाचे पैसे प्रयोगासाठी नसतात. तुम्हालाही अशी ऑफर आली असेल तर कमेंटमध्ये लिहा, मिळून तपासू.